झाडाखालचं रान

दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरीकडे फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे आरवलेला कोंबडा गावातला की रानातला, हे सरावलेल्या कानाला लगेच कळतं. गावठी कोंबड्याची बांग लांबते आणि शेवटाला खाली उतरते. रानकोंबड्याची बांग तुटक, खरखरीत आणि मोजक्या ठोक्यांची असते. ती संपल्यावर तो घशातल्या घशात काहीतरी पुटपुटतो, ते अगदी जवळ असलेल्यालाच ऐकू येतं. ही बांग आता फक्त देवराईतून किंवा राखीव जंगलातून येत नाही. काजूच्या कलमांमधून, पोफळीच्या कुळागरातून, रबराच्या रांगांपलीकडूनही ती येते. सह्याद्रीत आणखी दक्षिणेला गेलं तर कोडगूच्या कॉफीत आणि वालपराईच्या चहामळ्यांच्या कडेलाही हाच पक्षी भेटतो.

यावरून दोन निष्कर्ष फार पटकन काढले जातात. पहिला असा, की बाग म्हणजेही जंगलच, मग जंगल तोडून बाग केली तर बिघडलं काय? दुसरा असा, की रानकोंबडा चिवट आहे, त्याची काळजी नको. दोन्ही निष्कर्ष मला धोक्याचे वाटतात. रानकोंबडा बागेत राहतो हे खरं, पण तो झाडांमुळे राहत नाही. तो झाडांखाली जे उरलेलं असतं त्याच्यामुळे राहतो. पाचोळा, झुडपं, करवंदीची जाळी, गडग्याच्या कडेचं न बेणलेलं रान, व्हाळाकाठचं गचपण. बागायतदार ज्याला कचरा म्हणतो तेच त्याचं घर आहे. आणि गेल्या काही वर्षांत बागेतून सर्वांत वेगाने नाहीसं होतंय तेही हेच.

आपल्याकडचा हा पक्षी म्हणजे राखी रानकोंबडा, शास्त्रीय नावाने गॅलस सोन्नेराटी. अठराव्या शतकात भारतात फिरून गेलेल्या पिएर सोन्नेरा या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून १८१३मध्ये हे नाव दिलं गेलं. जगात रानकोंबड्यांच्या चारच जाती आहेत: लाल, राखी, श्रीलंकेचा आणि जावा बेटाकडचा हिरवा. यातला राखी फक्त भारतात आहे, आणि भारतातही मुख्यतः द्वीपकल्पात. उत्तरेला तो अबूच्या डोंगरापर्यंत पोहोचतो. लाल रानकोंबडा हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य आणि पूर्व भारतातून खाली उतरतो, आणि गोदावरीच्या आसपास या दोघांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. म्हणजे सह्याद्रीच्या बागांमधला हा पाहुणा दुसऱ्या कुठल्याही देशाच्या रानात सापडणार नाही.

नराच्या मानेवरची पिसं काळसर असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला पिवळट, कडक, मेणाच्या थेंबासारखी चकती असते. या चकतीनेच त्याच्यावर मोठं संकट आणलं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन मासे पकडायला पिसांच्या कृत्रिम माश्या बांधतात, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून त्या माश्यांमध्ये ‘जंगल कॉक’चं पीस मानाचं मानलं गेलं. भारतातून रानकोंबड्याच्या मानेची सोललेली कातडी परदेशी जात असत. निर्यातीला बंदी आल्यावर तिकडच्या लोकांनी हा पक्षी पिंजऱ्यात वाढवायला घेतला. इथे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची शिकार गुन्हा आहे, आणि अंडी काढणं किंवा घरटं मोडणं हेही कायद्याच्या लेखी शिकारच. तरीही फासकी लागतात. बागेच्या गडग्याला जिथे पडझडीची वाट असते, तिथेच फासकी लावली जाते, कारण रानकोंबडा उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो आणि रोज त्याच वाटेने जातो.

आता त्याचा दिवस बघू, म्हणजे बाग त्याला काय देते आणि काय देत नाही ते कळेल. उजाडताना तो झाडावरून उतरतो. रात्र तो सहसा जमिनीवर काढत नाही. फांदी किंवा बांबूचं बेट लागतं. सकाळी पायांनी पाचोळा उकरत तो बी, किडे, वाळवी, गळलेली फळं टिपतो. ऊन चढलं की दाट झुडपात शिरतो. संध्याकाळी पुन्हा कडेला येतो, वाटेवरच्या गुरांच्या शेणातले दाणे टिपतो, भात कापलेल्या मळ्यात उतरतो, अंधार पडताना पुन्हा झाडावर. मादी एखाद्या झुडपाच्या बुडाशी जमीन किंचित खोलगट करून तिथेच चार ते सात अंडी घालते. घरटं म्हणावं असं काही बांधत नाही.

म्हणजे रात्रीसाठी झाड, पोटासाठी पाचोळा आणि लपायला झुडूप. कुठलीही बाग झाड देतेच. बऱ्याच बागा पाचोळाही देतात. झुडूप मात्र फार थोड्या बागा देतात, आणि अंडी-पिल्लांचा सगळा हिशेब झुडपावर आहे. एखाद्या बागेत आरवणारा नर दिसला म्हणून तिथे पिल्लं वाढतात असं होत नाही. नर पलीकडच्या रानातून चरायला आलेला असू शकतो. पक्षी दिसणं आणि पक्ष्याची पुढची पिढी तिथे निपजणं यात फरक आहे, आणि ‘आमच्या बागेत रानकोंबडे आहेत’ असं अभिमानाने सांगताना तो फरक बाजूला राहतो.

काजूच्या बागेत ही गोष्ट अगदी उघडी पडते. काजू मूळ ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला. जुन्या कोकणात तो डोंगरउतारावर, सड्याच्या कडेला, आईन-किंजळीच्या सोबतीने वाढत असे. मधे करवंद, तोरण, रानमोडी, काहीही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ सारख्या जाती दिल्या, आणि काजू हे खऱ्या अर्थाने पैशाचं पीक झालं. सात बाय सात मीटरवर कलम, हेक्टरी सुमारे २०० झाडं. कोकणातल्या कित्येक घरांचा संसार या कलमांनी उभा केला आहे, आणि ते कुणी कमी लेखू नये. पण या लागवडीसाठी अनेक ठिकाणी खाजगी मालकीचं रान आधी पूर्ण मोकळं केलं गेलं. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर २०१३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बंदी घालावी लागली, यावरून तोडीचा वेग समजावा.

त्यातही एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. काजूची बी झाडावरून तोडत नाहीत. बोंडू पिकून खाली पडतो आणि मग बी वेचतात. खालचं रान वाढलेलं असेल तर बी सापडत नाही. म्हणून पावसाळा संपला की झाडाखाली बेणणी होते, पातेरा ओढून काढला जातो, आणि हंगामाआधी जमीन स्वच्छ केली जाते. वणव्याची भीती असते म्हणून कडही जाळून घेतात. शिवाय राब भाजायला पातेरा लागतोच. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. रानकोंबडीचा विणीचा मुख्य काळही फेब्रुवारी ते मे. ज्या महिन्यांत तिला झुडूप आणि पाचोळा सर्वांत जास्त लागतो, नेमक्या त्याच महिन्यांत बाग उघडी होते आणि दिवसभर माणसांची वर्दळ सुरू होते. मग ती कुठे जाते? गडग्याच्या कडेला, व्हाळाच्या खोलगटीत, शेजारच्या न तोडलेल्या रानात. असं रान शेजारी असेल तर रानकोंबडा बागेत दिसत राहतो. ते गेलं की बागेतली झाडं होती तेवढीच राहतात आणि बांग मात्र एकदोन वर्षांत बंद होते.

पूर्वी बेणणी कोयत्याने होत असे. गडी मिळतील तेवढं रान साफ व्हायचं आणि कोपरे आपोआप राहायचे. आता ग्रास कटर आला. एक माणूस एका दिवसात जे कापतो त्यात कोपरा राहत नाही. त्यावर तणनाशकाची फवारणी झाली की ते पुन्हा उगवतही नाही. मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी यंत्राकडे वळतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण विषाचा विषय निघाला की कासरगोड आठवल्याशिवाय राहत नाही. केरळातल्या त्या जिल्ह्यात काजूच्या सरकारी मळ्यांवर दोन दशकांहून अधिक काळ हवेतून एंडोसल्फान फवारलं गेलं. माणसांची पोरं जन्मतः आजारी निपजू लागली तेव्हा कुठे आवाज उठला, आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे औषध देशभर बंद केलं. त्या मळ्यांमधल्या जमिनीवर टिपून खाणाऱ्या पाखरांची मोजदाद तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती.

बाग आणि रान यांचा मेळ बसूच शकत नाही असं मात्र नाही, आणि त्याचं उत्तम उदाहरण आपल्याला लागूनच आहे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात दोन हजार वर्षांहून जास्त काळ सुपारी पिकते. पोफळीच्या सावलीत मिरी, केळी, वेलदोडा. तिथल्या बागायतदाराला पोफळीच्या मुळाशी घालायला ओला-सुका पाला लागतो, आणि तो पाला येतो बागेवरच्या राखलेल्या रानातून. त्याला तिकडे ‘सोप्पिना बेट्टा’ म्हणतात, पाल्याचा डोंगर. झाड तोडायचं नाही, फक्त पाला उतरवायचा. जय रंगनाथन, रणजित डॅनियल्स, सुभाष चंद्रन, पॉल एर्लिक आणि ग्रेचेन डेली यांनी २००८मध्ये या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या परिसरातल्या जंगलाशी जोडलेल्या पक्ष्यांपैकी ९० टक्के जाती या सुपारीच्या मुलखातही आढळल्या. कारण बागेच्या आत शोधायचं नाही, बागेच्या वर बघायचं. बागेला डोंगराची गरज आहे म्हणून डोंगर राहिला, आणि डोंगर राहिला म्हणून पाखरं राहिली. गोव्यातली कुळागरं आणि दक्षिण कोकणातल्या जुन्या पोफळीच्या बागा याच घरातल्या. जिथे पाल्याऐवजी पिशवीतलं खत आलं, तिथे वरच्या डोंगराची गरज संपली आणि तो विकाऊ झाला.

कॉफीची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचते. देशातल्या कॉफीचा सुमारे तिसरा हिस्सा एकट्या कोडगूत पिकतो. भारतातली कॉफी सावलीत वाढते, आणि जुन्या मळ्यांमध्ये ही सावली रानातल्याच झाडांची असते. कॉफीचं झुडूपच माणसाच्या उंचीचं, दाट. त्याखाली ओलसर पाचोळ्याचा थर. रानकोंबड्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे एका जागी मिळतात. कृती कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या कॉफी, सुपारी आणि रबराच्या मळ्यांची मोठी पाहणी करून २०१६मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात २००हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले, आणि सर्वांत श्रीमंत ठरली ती कॉफी. पण तिथेही ऑस्ट्रेलियातून आलेला सिल्व्हर ओक सरळ वाढतो, लवकर विकता येतो, मिरीचा वेल चढवायला सोयीचा, म्हणून देशी सावलीची जागा घेतो आहे.

रबर आणि चहा यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रबराच्या रांगेत पहाटेच चीक काढणारे हिंडत असतात, आणि खालची जमीन बहुतेक उघडी असते. चहाचं झुडूप वरून गच्च असलं तरी सारखी खुडणी आणि फवारणी चालू असते. वालपराईत रानकोंबडे चहाच्या रस्त्यावर सहज दिसतात, पण ते उतरतात ते मळ्यांमध्ये राहिलेल्या जंगलाच्या तुकड्यांतून. दिव्या मुदप्पा आणि शंकर रामन हे अभ्यासक गेली वीसहून अधिक वर्षं तिथे अशा तुकड्यांमध्ये देशी झाडं लावून ते पुन्हा उभे करत आहेत. त्या कामाचा आदर वाटतो, कारण तोडलेलं रान परत आणायला किती काळ आणि किती हात लागतात हे ते रोज दाखवून देतात.

मलेशियात हेच नातं लाल रानकोंबड्याचं आणि तेल-ताडाचं आहे. तिथे छाटलेल्या झावळ्या दोन रांगांमध्ये रचून ठेवतात. त्या ढिगांत किडे, उंदीर, साप, आणि गळलेली ताडफळं टिपणारे रानकोंबडेही. मोठमोठ्या ताडमळ्यांत तो दिसतो आणि चरतो. भारत सरकारने २०२१मध्ये पामतेलासाठी ११,०४० कोटी रुपयांची योजना आणली, ईशान्य भारत आणि अंदमान डोळ्यांपुढे ठेवून. ईशान्य भारत हा लाल रानकोंबड्याचा मूळ मुलूख. ‘ताडमळ्यातही रानकोंबडे असतात’ हा युक्तिवाद तिथे कुणी करू नये, एवढी इच्छा आहे.

खरं म्हणजे शेताच्या कडेला येणं ही या कुळाची फार जुनी सवय. माणसाच्या घरात कोंबडी आली ती याच सवयीमुळे, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. थायलंडमधल्या बान नॉन वाट या पुरातन वस्तीत पाळीव कोंबडीची हाडं सापडली. ती इसवी सनपूर्व १६५० ते १२५०च्या दरम्यानची असल्याचं २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडलं गेलं. भात आणि राळ्यासारखी धान्यं पिकू लागली, दाणे सांडू लागले, लाल रानकोंबडा दाण्यामागे आला आणि माणसाजवळ राहिला. डार्विनने १८६८च्या आपल्या ग्रंथात पाळीव कोंबडीचा पूर्वज एकटा लाल रानकोंबडा असल्याचं मांडलं होतं. २००८मध्ये स्वीडनच्या उपसाला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यात एक दुरुस्ती केली. आज जगभर दिसणाऱ्या पिवळ्या कातडीच्या कोंबड्यांमध्ये ते पिवळेपणाचं जनुक आलं आहे राखी रानकोंबड्याकडून. राखी भारताबाहेर नाही, तेव्हा तो संकर बहुधा आपल्याच भूमीत, कुठल्यातरी शेताच्या कडेला झाला असणार. जगातल्या कोट्यवधी कोंबड्यांच्या अंगावर सह्याद्रीच्या या पाखराची एक खूण आहे, हे मला फार मोठं वाटतं.

पण आता वारं उलट दिशेने वाहतं आहे. पूर्वी रानातलं रक्त घरात आलं, आता घरातलं रानात जातं. लाल रानकोंबड्याच्या बाबतीत हे मोजूनच झालं आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी संग्रहालयांत जपलेले शंभरेक वर्षांपूर्वीचे नमुने आणि आजचे पक्षी यांची जनुकं ताडून २०२३मध्ये दाखवलं, की आजच्या रानकोंबड्यांच्या जनुकांपैकी २० ते ५० टक्के वाटा पाळीव कोंबड्यांकडून आला आहे. दिसायला तो रानकोंबडाच; आत मात्र कुठे कुठे निम्म्यापर्यंत गावठी. राखी ही वेगळी जात असल्याने इतकी सरमिसळ तिच्यात सहज होत नाही. पण मोकाट गावठी कोंबड्या बागेच्या कडेला चरतात, तिथे रक्तापेक्षाही रोगाची भीती मोठी आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग ज्या कुळाला होतो, त्याच कुळातला हा पक्षी. घरच्या कोंबड्यांना लासोटाची लस देणं हे म्हणूनच रानकोंबड्याच्याही भल्याचं काम आहे.

नुकसानीचं म्हणाल तर माकडं, डुकरं, गवे आणि आता मोर यांच्या यादीत रानकोंबडा फार खाली येतो. पेरलेलं बी कुठे उकरतो, मळ्याच्या कडेचं भात टिपतो, एवढंच. काजूची बी त्याला फुटत नाही. उलट पाचोळा उकरून तो वाळवी आणि अळ्या खातो. बागायतदाराला त्याच्यासाठी फार काही सोडावं लागत नाही. बी झाडाच्या पसाऱ्याखाली पडते, तेव्हा साफसफाई पसाऱ्यापुरती ठेवली तरी वेचणी अडत नाही. कलमं लहान आहेत तोवर दोन रांगांमध्ये उताराला आडवी एक पट्टी न कापता ठेवली, तर पावसात माती वाहून जाणंही कमी होतं. व्हाळाच्या दोन्ही काठांवर आणि गडग्याच्या आतल्या बाजूला चारपाच हात रान राहू द्यावं, त्या पट्टीत तणनाशक अजिबात मारू नये, आणि कड जाळायची असेल तर फेब्रुवारीच्या आधी जाळून घ्यावी.

आणि ग्रास कटर चालवताना पायाखालून एखादी रानकोंबडी फडफडून उठली, तर यंत्र तिथेच बंद करून तेवढी जागा सोडून पुढे जावं. अंडी उबायला साधारण तीन आठवडे लागतात. पिल्लं बाहेर पडून पिसं सुकली की आईमागे चालू लागतात आणि त्या जागी पुन्हा येत नाहीत. मग तिथलं गवत कापायला हरकत नाही. करवंदीची जाळी मात्र राहू द्यावी. मे महिन्यात तिची फळं घरातल्या पोरांनाही हवी असतात.